टोपी कुणाची, मुंडी कुणाची

सोमवार, ९ एप्रिल १९५६

ईस्टरची सुट्टी संपली, शाळा भरली. पोरींचं डोकं अजून सुट्टीतच आहे. पाढे विचारले तर एकीने अंड्यांचा हिशेब सांगितला.

मधल्या सुट्टीत नोटरी रायमाकर्स वर्गात आले. निवृत्त झाल्यापासून गावाच्या इतिहास मंडळाचे ते अध्यक्ष आहेत आणि मी चिटणीस, म्हणजे बोलायचं त्यांनी आणि लिहायचं मी. बातमी अशी की ते चित्र येतंय. सत्तर वर्षांपूर्वी आमच्या वेर्सेलमध्ये जो चितारी राहून गेला, ज्याला तेव्हा कुणी दारात उभं करत नव्हतं आणि आता ज्याच्या चित्रांसाठी परदेशात लोक रांगा लावतात, त्याने आमच्याच गावातल्या एका बाईचं काढलेलं चित्र. पुढे दक्षिणेत जाऊन त्याने निळ्यापिवळ्याचा जो धिंगाणा घातला, त्याच्या आधीचं. इथे होता तेव्हा त्याच्याकडे रंग एकच, बटाट्याच्या सालीचा. त्या काळातली चित्रं फार उरलेली नाहीत म्हणतात. हे शहरातल्या एका सिगारवाल्याच्या जेवणघरात टांगलेलं होतं. आता ते अमेरिकेला विकलं गेलंय. जाण्याआधी मेमधल्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत आपल्या गावच्या कचेरीत ठेवायला तो तयार झालाय.

नोटरींना बाईचं नाव हवंय. मला त्याहून जास्त हवंय, आणि त्याचं कारण विकणाऱ्यांच्या यादीतला एक शब्द. आमच्या भाषेत माणसाला डोकं असतं आणि जनावराला मुंडी. यादीत लिहिलंय, "पांढऱ्या टोपीतली शेतकरी मुंडी." मी चौथीच्या पोरींची वही या चुकीसाठी लाल करते. नाव कळलं तर नाव लिहावं लागेल, मग मुंडी आपोआप जाईल.

रात्रीच्या जेवणाला आईला सगळं सांगितलं. ती राईच्या पावाला लोणी लावत होती. म्हणाली, "अमेरिकेला? बोटीने?" मी म्हटलं, बोटीनेच असणार. मग म्हणाली, "मीठ दे." लोण्याला मीठ होतंच.

गुरुवार, १२ एप्रिल

मंडळाची सभा. नोटरींनी चित्राचा फोटो आणला होता, तो हातोहात फिरला. बाई बाजूने दिसते, एका अंगाने. ओठ जाड, गालाची हाडं वर आलेली, हनुवटी पुढे. सुंदर म्हणवणार नाही, फार हुशारही वाटत नाही. बाकी सगळी पांढरी टोपी, चित्राचा निम्मा भाग तिनेच खाल्लाय.

टोपी बघताच सगळे एका सुरात म्हणाले, "लग्न झालेली." यात शंका घ्यायला जागाच नाही. आमच्याकडे मुली घट्ट, साधी टोपी घालत. दोन्ही बाजूंना पंख असलेली ही मोठी टोपी लग्नाच्या दिवशी डोक्यावर येई, ती मरेपर्यंत. बिनलग्नाच्या पोरीने ती घातली असती तर गावाने दगड मारले असते. शहरातला माणूस यात नुसता पांढरा कपडा बघेल. आम्हाला बाईचा अर्धा इतिहास दिसतो. नोटरी या मुद्द्यावर फार खूश होते. हे आपल्या लोकांनाच कळू शकतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि मी एकदा लिहून घेतलं.

म्हणून १८८५ साली, चित्र काढलं त्या वर्षी, माळाकडच्या वस्तीत ज्या लग्न झालेल्या बाया होत्या, त्यांच्या घरी विचारायचं ठरलं. चितारी तिकडेच हिंडायचा. ते काम माझ्याकडे आलं, कारण सायकल माझ्याकडे आहे आणि आमचं घरही तिकडेच. यात मान होता की आळस, हे कळलं नाही.

रविवार, १५ एप्रिल

प्रार्थनेनंतर सहा घरं झाली. सगळीकडे कॉफी मिळाली, नाव कुठेच नाही.

मला वाटलं होतं, लोक भांडतील, आमचीच आजी म्हणून. इथे उलटंच. जो तो हात झटकून मोकळा. पहिल्या घरी म्हणाले, "आमच्या आजीचं नाक असं नव्हतं हो." दुसरीकडे, "आमच्यात एवढे ओठ कुणाचेच नाहीत, तुम्ही पलीकडे विचारा." पलीकडे गेले तर त्यांनी अलीकडे पाठवलं. तिसरीकडच्या सुनेने फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. खरं कारण शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईने सांगितलं. त्या काळच्या पाद्रीबाबांनी चर्चमध्ये सांगितलं होतं की त्या परधर्मी माणसासमोर जी बसेल तिने माझ्यासमोर येऊ नये. नंतर चित्रासाठी बसलेल्यांची घरं चर्चमध्ये मागच्या बाकांवर गेली. "आणि एकदा मागे गेलेलं घर पुढे येत नाही, बाई," ती म्हणाली.

आम्ही लहानपणापासून मागच्या बाकावर बसतो, पण ते आईला दाराजवळची हवा लागते म्हणून.

येताना म्हातारा गील अंगणात बसला होता, त्याच्याकडे थांबले. तो ऐंशीच्या पुढे गेलाय. लहानपणी त्याने चिताऱ्याचं सामान उचललं होतं असं सगळ्यांना सांगतो. फोटो हातात दिला. त्याने तो नुसता मांडीवर ठेवला आणि मलाच न्याहाळू लागला.

"मास्तरीणबाई, जरा त्या खिडकीकडे बघ."

मी बघितलं. खिडकीत काही नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "आईला विचारलंस का?"

"आई त्या वेळी जन्मलीही नव्हती, गीलकाका. ती त्या वर्षी डिसेंबरची."

"तेच म्हणतोय मी."

"काय तेच?"

"काही नाही. तुझ्या आईला, डिम्फनाला म्हणावं, गील विचारत होता. गुडघे कसे आहेत तिचे?"

वयाचा परिणाम. एका विषयावर राहता येत नाही त्याला.

शनिवार, २१ एप्रिल

उरलेली घरंही झाली. तोंडाला कुलूप लावून बसलेत सगळे. मी चिडले आहे, हे इथे लिहायला हरकत नाही. एका बाईने कुणासमोर तरी मुकाट बसून चित्र काढू दिलं, तर तिला सत्तर वर्षांनी कुणी आपली म्हणू नये?

हे मी आईपुढे बोलले. ती विणत होती. "तिला काय फरक पडतो आता," म्हणाली.

मी म्हटलं, "फरक पडतो. मुंडी म्हणून जाणार ती अमेरिकेला."

"कोण म्हणतं मुंडी?"

मी यादीचं सांगितलं. आईच्या सुईवरून टाके निसटले. तिने पूर्ण ओळ उसवली आणि झोपायला गेली, उजेड होता तरी.

तिला या विषयाचा कंटाळा आलेला दिसतो. तिचंही बरोबर. आमच्या घरात जुन्या गोष्टींची आवड मलाच. तिच्या आईबद्दलसुद्धा दोन वाक्यांपलीकडे ती कधी बोलली नाही. आजी बाळंतपणात गेली, आणि आजोबा बेल्जियमला वीटभट्टीवर गेले ते तिकडेच वारले. आईला तिच्या आजीने वाढवलं. आजीचा फोटो नाही. माळावरच्या माणसांचे त्या काळी फोटो नसत. म्हणजे आईने स्वतःच्या आईचं तोंडही पाहिलेलं नाही. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, कशी दिसायची ती? आई म्हणाली होती, "मला काय माहीत, मी त्या वेळी रडत होते."

शनिवार, २८ एप्रिल

चित्र आलं. लाकडी पेटीतून, घोंगड्यात गुंडाळून, पोलिसाच्या देखरेखीखाली. आकाराने केवढंसं आहे. दुधाच्या कॅनच्या झाकणाएवढं. कचेरीच्या सभागृहात शाळेच्या फळ्याच्या घोडीवर ठेवलंय, शेजारी नोटरींनी कुंडी ठेवली. खाली पाटी, तूर्त नुसतं "वेर्सेल, १८८५".

फोटोत कळलं नव्हतं, रंग जाड आहे, नांगरल्यासारखा. ओठ एका फटकाऱ्यात काढलेत. मला ते आज तितके वाईट वाटले नाहीत. बाई वाट बघत असल्यासारखी वाटते. कुणाची, ते चिताऱ्याने काढलेलं नाही.

गाव लोटलं होतं. जी घरं "आमची नव्हे" म्हणाली, ती सगळी टोपी बघायला आली. शहरातल्या वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. त्याने मला हेरलं, शेजारी उभं राहायला सांगितलं आणि म्हणाला, "इकडे नका बघू बाई, दाराकडे बघा." मी दाराकडे बघितलं. सगळं सभागृह माझ्याकडे बघू लागलं. नोटरी खाकरले. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चिटणिसाला एरवी कोण फोटोत घेतं.

नंतर नोटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "स्मुल्डर्सबाई, नावाचं राहू द्या आता. पुरे झालं."

मी म्हटलं, "आत्ता? तीन आठवडे आहेत अजून."

"राहू द्या हो," म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. माणूस इतक्यात हिंमत सोडेल असं वाटलं नव्हतं.

सोमवार, ३० एप्रिल

वर्तमानपत्रात फोटो आलाय. चित्र आणि मी, दोघी एकाच दिशेला तोंड करून. वर्गातली एक पोरगी म्हणाली, "बाई, तुम्ही बहिणी वाटता." तिला कोपऱ्यात उभी केली.

घरी आले तर आईने फोटो कापून ठेवला होता. मनात बरं वाटलं. मग बघितलं तर तिने चित्राचा अर्धा भाग कापून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलाय, आणि मी असलेला अर्धा चुलीजवळच्या कागदांत. दृष्टी फार अधू झाली आहे तिची. डॉक्टरांकडे न्यायला हवं.

मंगळवार, ८ मे

आई आज अचानक म्हणाली, "गुरुवारी सुट्टी ना तुला? ते चित्र बघून येऊ."

मला आश्चर्य वाटलं. म्हटलं, "तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना बघायचं नाहीये. मला बघायचंय." मग म्हणाली, "दुपारी जाऊ. गाव जेवत असेल तेव्हा."

गुरुवार, १० मे, स्वर्गारोहणाचा सण

जे झालं ते नीट लिहून काढते.

सभागृहात पोलिसाशिवाय कुणी नव्हतं. तो आपला डबा घेऊन बाहेरच्या बाकावर गेला. आईने काळा सणाचा झगा घातला होता. ती चित्रासमोर गेली, फार जवळ. मी म्हणणार होते, इतकं जवळ जायचं नसतं.

तिने विचारलं, "हिचं वय किती असेल गं?"

मी म्हटलं, "वीस. फार तर एकवीस."

"इतकी लहान होती होय?" आई म्हणाली. "मी तिला आयुष्यभर म्हातारी समजत आले. आई म्हटलं की डोळ्यांपुढे म्हातारीच यायची. ही तर पोरगी आहे."

तेव्हा मला कळलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, शाळेत शिकवते, आणि सबंध गावाला जे दिसत होतं ते मला तेव्हा दिसलं. गीलची खिडकी, फोटोवाल्याचं दार, सगळं एकदम. लाज वाटली. मग राग आला, आणि आईवरच आला. मी म्हटलं, "टोपी? ही लग्नाची टोपी आहे, आई. म्हणजे लग्न झालं होतं तिचं."

"कसलं लग्न. टोपी माझ्या आजीची आहे."

ती खुर्ची मागू लागली. मी पोलिसाची खुर्ची आणली. बसून तिने सांगितलं, चित्राकडे बघतच, मला सांगतेय की तिला, कळत नव्हतं. वीटभट्टीवरचा माणूस खरा होता. येईन म्हणून गेला आणि आला नाही. पोरीला दिवस राहिले होते, पण अजून दिसत नव्हते. चितारी माळावर दारोदार विचारत फिरायचा, कोण बसेल म्हणून. त्याला कुणीही चालली असती, आणि डोक्यावर काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, तो बाहेरचा. तो आला तेव्हा घरात ती एकटीच होती. तिने पेटी उघडली, आपल्या आईची टोपी काढली, घातली आणि बसली.

"का?" मी विचारलं.

"तिला ती मिळणार नव्हती म्हणून," आई म्हणाली. "आजी शेतावरून आली, तेव्हा पोरगी टोपी घालून बसलेली आणि तो रंग फासत होता. आजीने मला सांगितलं, मी पुढे होऊन ओढून काढणार होते, पण तिने माझ्याकडे बघितलंही नाही. अशी बसली होती की खरंच कुणाची बायको आहे. मग मी बाहेर उभी राहिले, म्हणाली, कुणी येऊ नये म्हणून."

मी रडले. आई रडली नाही. ती म्हणाली, "चांगली दिसते गं. लोक म्हणत होते वाईट आहे."

पोलीस आत आला तेव्हा तिने त्याची खुर्ची परत दिली आणि दार लावून घे म्हणाली, चित्राला वारा लागतो.

शुक्रवार, ११ मे

शाळेत काय शिकवलं ते आठवत नाही.

संध्याकाळी आईला म्हटलं, आता नाव द्यायला हवं. ओडिलिया फान लीसहाउट. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायचं या रिवाजाने ओडिलिया माझंही नाव आहे. चारचौघांत मान वर करून देऊ. कोण काय बोलणार आहे आता? हे १९५६ साल आहे. पाद्रीबाबा बदलले, ते सायकलवरून फुटबॉल बघायला जातात.

आई बटाटे सोलत होती. "नाव सांगितलंस की नोटरी विचारणार, नवऱ्याचं काय?"

"सांगू, नव्हता."

"म्हणजे तिच्या डोक्यावरची टोपी काढायची."

मी म्हटलं, "आई, खरं ते खरं."

"खरं तू शाळेत शिकव. गावाचं सबंध मंडळ सभेत बसून म्हणालं, लग्न झालेली. शंकाच नाही म्हणाले. तूच सांगितलंस मला, एका सुरात म्हणाले. तिने त्यासाठीच घातली होती ना? सत्तर वर्षं लागली. आता तू जाऊन उतरवणार?"

नाव दिलं नाही तर ती मुंडी म्हणून जाणार, आणि दिलं तर उघड्या डोक्याने. मी नाव शोधत इतकी वणवण केली ती याच्यासाठी नव्हती. आईने एक बटाटा इतका सोलला की उरला नाही.

शनिवार, १९ मे

आठ दिवस काही लिहिलं नाही, कारण काही ठरत नव्हतं. आई रोज दुपारी सभागृहात जाते, गुडघ्यांसकट. गावातल्यांना सांगते, तिथे थंड वाटतं.

आज चित्र पेटीत जायचं होतं. नोटरी कागद आणि टाक घेऊन बसले होते. अमेरिकेच्या कागदांवर जे जाईल ते आत्ताच ठरायचं होतं. आई माझ्या शेजारी उभी होती, दाराकडे तोंड करून.

"नाव मिळालं का, स्मुल्डर्सबाई?" नोटरींनी विचारलं. मोठ्याने विचारलं, पोलिसाला आणि पेटीवाल्यांना ऐकू जाईल असं.

आयुष्यात मी कुठल्याच कागदावर खोटं लिहिलेलं नाही. गोवर आलेल्या पोरीला मी हजर लावत नाही.

"नाही," मी म्हटलं. "नाव मिळत नाही."

"मग यादीत आहे तेच लिहू?"

"ते नाही. शेतकऱ्याची बायको लिहा. शेतकऱ्याची बायको, वेर्सेल."

नोटरींनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, आईकडे तर नाहीच. कागदाकडे बघून विचारलं, "बायको, एवढं नक्की ना? मंडळाच्या चिटणीस म्हणून विचारतोय."

"नक्की," मी म्हटलं. "लग्न झालेली."

त्यांनी लिहिलं. अक्षर सुंदर आहे त्यांचं. पेटीवाल्यांनी घोंगडं पसरलं. आई पुढे झाली, त्यांना म्हणाली, टोपीकडून धरू नका, चुरगळेल. त्यातला एक जण हसणार होता, पण पोलिसाने त्याच्याकडे बघितलं.

घरी येताना आई माझा हात धरून चालत होती. गीलच्या अंगणाजवळ म्हणाली, "वाच बरं परत, काय लिहिलं त्यांनी."

मी सांगितलं.

"कुठल्या शेतकऱ्याची, ते विचारलं नाही ना कुणी?"

"नाही."

"अमेरिकेत कोण विचारायला बसलंय," आई म्हणाली.